दुसऱ्याच्या वावराची जागल

मु. सावरखेड, ता. पुसद
१८ नोव्हेंबर १९६५

उकंडास तुळसाबाईचा जय भीम.

तुझं निळं पत्र पोहोचलं. पोस्टमननं ते आधी चावडीवर सगळ्यांना दाखवलं, परदेशातलं तिकीट काढून घेतलं, मंग मले आणून दिलं. पत्रात तू माझे गुडघे विचारले, जयाची शाळा विचारली, शेळ्या विचारल्या. शेळ्यांची एवढी चौकशी केली तर एखाद्या ओळीत बापाचंही नाव बसलं असतं. नाही बसलं. चार वर्षं झाली, बसत नाही. तू नोको लिहू. त्याचं मी लिहीन. पत्र माझं आहे म्हणून तुले वाचावंच लागेल.

तू लिहिलं, जिनिव्हात अठरा देशांचे लोक सभा घेऊन राह्यले, अन् अणुबॉम्ब आणखी नव्या कोणी बनवू नये असा करार लिहून राह्यले. आपल्या सरकारच्या कचेरीत तो कागद तू मशीनवर टाइप करतो. दिवसभर करतो, दुसऱ्या दिवशी साहेब लोक एक शब्द बदलतात, मंग पुन्हा पहिल्यापासून करतो. दळलेलं पीठ पुन्हा जात्यात टाकायचं, अन् त्याचा पगार घ्यायचा. चांगली नोकरी आहे. तुझ्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून तुले उकंड्यावर, शेणकचऱ्यात टाकून मी उचललं होतं अन् तेच नाव ठेवलं होतं. त्या उकंड्यानं इतक्या लांब जाऊन बसावं हे मले तेव्हा कोणी सांगतलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

ज्यांच्याजवळ आधीच बॉम्ब आहे ते या सभेत बसले का, ते तू लिहिलं नाही. बसलेच असतील. पंगतीत 'बेतानं खा' म्हणणारा वाढपी घरून जेवूनच आलेला असते. मागल्या साली चीननं बॉम्ब उडवला तो ग्रामपंचायतीच्या रेडिओवर आम्हीही ऐकला. तेव्हापासून चावडीवरचे बुढे म्हणतात, आपणही करावा. ज्यांच्या घरच्या विळ्याले धार नाही तेही म्हणतात.

आता घरचं सांगते. तुझ्या बापानं गोळे बांधायले पुन्हा सुरुवात केली.

तुझ्या साहेबांना सांगायचं झालं तर असं सांग. रानडुकरं जवारी खातात. तर गावात लोक बारुदाचा गोळा चिंधीत बांधतात, वरून चरबी लावतात अन् धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांच्या मधात, दगडाआड ठेवतात. डुकरानं चावला की त्याचा जबडा उडते. डुकरानं नाही चावला तर कोणाच्या म्हशीचा उडते. अन् लेकरानं उचलला तर काय होते ते तुले अन् मले माहीत आहे.

तुझ्या पाठची बहीण नलू गेली तेव्हापासून तुझ्या बापानं, माझ्या मारोतीनं, गोळ्याले हात लावला नव्हता. तिच्या मातीच्या वेळी तू साऱ्या गावापुढं त्याले विचारलं, गोळा तुमचा होता का. तो नाही म्हणाला. तू त्याच्याकडे पाह्यलं, पिशवी उचलली अन् पुसदच्या मोटारीत बसला. तेव्हापासून तो गोळा कोणाचा होता हे गावात कोणी विचारलं नाही.

आता काहून सुरू केलं म्हटलं तर म्हणते फुलचंदनं केलं. धुऱ्याच्या पलीकडचं वावर तांड्यावरच्या फुलचंदचं आहे, तुले ठाऊक आहे. फुलचंदले विचारलं तर तो नदीकाठच्यांचं नाव सांगते. नदीकाठचे बापूजी पाटलाच्या बंदुकीचं सांगतात. बंदूक वाजली की डुकरं पाटलाच्या वावरातून उठतात अन् गरिबाच्या वावरात घुसतात. आधी कोणी सुरू केलं ते विचारत गेलं तर गाव सरते, उत्तर येत नाही.

जवारी निसवली आहे. दाणा भरला की डुकरं उतरतील. तुमच्यातली शेवटची जया, जिच्या बाळंतपणात तुझी माय गेली, ती शाळा सुटली की शेळ्या घेऊन त्याच धुऱ्यानं जाते. नलू गेली तेव्हा आठ वर्षांची होती. जया यंदा आठ वर्षांची झाली. ती तिकडं गेली की ती परत येईपर्यंत माझा हात चुलीपाशी चालत नाही.

म्हणून विचारते. बॉम्ब कसा थांबवतात ते लिही. सोपं लिही. दीक्षेनंतर मी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले, बाराखडी झाली, जोडाक्षरं अर्धीच झाली होती तेव्हा मास्तरची बदली झाली.

तुझी आजी
तुळसाबाई


सावरखेड
३० जानेवारी १९६६

उकंडा,

या खेपेला समजेल असं लिहिलं. म्हणजे असं की पाच घरी बॉम्ब आहे, ती पाच घरं तो ठेवतील. बाकीच्यांनी शपथ घ्यायची की आम्ही करणार नाही. शपथ खरी का खोटी हे पाहायले तपासणारी माणसं येतील, भट्ट्या पाहतील, माल मोजतील. पाच घरच्या भट्टीत मात्र त्यांना कोणी जाऊ देणार नाही. अन् आपले साहेब म्हणतात, ज्यांच्याजवळ आहे त्यांनी आधी कमी करायले सुरुवात करा, मंग आमच्याकडून शपथ मागा.

मी हे जयाले मोठ्यानं वाचून दाखवलं अन् हसले. ती म्हणे, आजी, यात हसण्यासारखं काय आहे. तिले कसं सांगू, परवा चावडीत हेच झालं.

बापूजी पाटलाची म्हैस कोणाच्या तरी गोळ्यानं गेली म्हणून त्यानं गाव बोलावलं. गोरगरिबाची जनावरं गेली तेव्हा नाही बोलावलं. त्याचं म्हणणं असं की साऱ्यांनी आपापले गोळे त्याच्या अंगणात आणून टाकावे. त्याची बंदूक सरकारी लायसनची आहे, तो जबाबदार माणूस आहे, तर बंदूक त्याच्याजवळ राहील अन् साऱ्या गावाची डुकरं तो मारेल. मी मागून विचारलं, कोणाच्या वावरातली. त्यानं ऐकलं नाही. बाया मागं बसल्या की त्यांचं ऐकू येत नाही, हा चावडीचा जुना रोग आहे.

मंग तुझा बाप उठला. म्हणे, "बापूजी, आधी तुमची बंदूक कुलपात ठेवा. चावी चावडीत द्या. मंग आमचे गोळे मागा."

आपल्या वस्तीतल्या माणसानं पाटलापुढं उभं राहून असं बोलावं, हे मी जन्मात पाह्यलं नव्हतं. आमच्या सासऱ्याच्या वेळी तर चावडीची पायरीही चढता येत नव्हती. लोक हो हो म्हणाले. फुलचंदनं मान हलवली. मलेही बरं वाटलं, खोटं कायले सांगू. पाटील उठून गेला, सभा मोडली, अन् दुसऱ्या दिवशी घरोघरी आणखी गोळे बांधले. आपल्या घरीही बांधले.

तुझा बाप अन् तुझे साहेब एका तोंडानं बोलतात. ज्याचं तोंड तू पाहत नाही त्याचंच बोलणं तू दिवसभर टाइप करतो. मले मजा वाटली. तुले वाटली नसेल.

अन् मारोतीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. त्यात एक शब्द चूक नाही. पण खरं बोलल्यानं धुऱ्यावरचा गोळा निघत नाही. जयाच्या शेळ्या कोण खरा, कोण खोटा हे पाहून चरत नाहीत.

तुळसाबाई


सावरखेड
९ ऑक्टोबर १९६६

उकंडा,

पावसाळाभर तुझं पत्र नाही. बापाचं लिहिते म्हणून रागावला असशील. रागाव. मी लिहायची थांबत नाही.

मारोती जागलीले जात नाही. जवारीत पाखरं, डुकरं राखायले मचानावर बसावं लागते, तर हा घरी बसते. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, धुऱ्याकडून नलू शेळ्यांना हाक मारते. मी म्हटलं, आपण दीक्षा घेतली, भूतखेत सोडलं, नदीत देव सोडले. तो म्हणे, "मानत नाही, माय. ऐकू येते."

मले काही ऐकू आलं नाही. माझे कान तसेही गेले आहेत. पण दिवस कलला की त्या धुऱ्यानं मीही येत नाही, नाल्याकडून फिरून येते. कोणी विचारलं तर म्हणते तिकडं काटे झाले. ते खोटं नाही. नलू जिथं पडली होती तिथं मारोती आला की नांगर उचलून घेते, पुढं जाऊन पुन्हा टेकवते. पाच सालं तिथं फाळ लागला नाही. खाटेएवढी जागा आहे, दगड तसेच, तरोटा माणसाएवढा वाढला. फुलचंदही आपल्या बाजूनं ती जागा सोडूनच नांगरते. त्याले कोणी सांगतलं नाही.

मागल्या आठवड्यात जया दिवस मावळायच्या आत घरी आली. अंगावर रक्त, खांद्यावर पांढरी शेळी. मारोती दारात होता. तिले पाह्यलं अन् तिथंच खाली बसला. रक्त शेळीचं होतं. नदीकाठच्या कोणाचा तरी गोळा तिनं हुंगला होता.

जया मले म्हणे, "आजी, हिले पाणी कसं पाजू? हिले तोंडच नाही."

मी शेळी घेतली अन् मारोतीले म्हटलं, ऊठ, हिचं काय करायचं ते कर. लेकरासमोर नोको करू. मंग मी लुगडं झटकलं अन् तांड्यावर गेले. भांडायलेच गेलते. फुलचंद घरी नव्हता, त्याची बायको जमनाबाई होती. ती मले याडी म्हणते, त्यांच्यात आईले म्हणतात तसं. मी तोंड उघडायच्या आतच ती रडायले लागली, कारण शेळीची गोष्ट माझ्याआधी तांड्यावर पोहोचली होती अन् तिचीही दोन लेकरं त्याच रानात जातात. रडणाऱ्या बाईशी भांडता येत नाही. बसले. तिनं चहा ठेवला.

बोलता बोलता मले इर्जिकीचं सुचलं. पेरणी अडली की आपण इर्जिक करतो, साऱ्यांचे बैल एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. मी म्हटलं, जागलीची इर्जिक करू. आपल्या वावराची जागल कोणी आपण करायची नाही. मारोती तुमच्या वावरात बसेल, फुलचंद आमच्या. नदीकाठचे वरच्यांच्या, वरचे नदीकाठच्या.

जमनाबाई शहाणी आहे. लगेच म्हणाली, "म्हणजे माझ्या नवऱ्यानं गोळा ठेवला तर पाय तुझ्या लेकाचा जाईल."

मी म्हटलं, "अन् माझ्या लेकानं ठेवला तर तुझ्या नवऱ्याचा."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मंग म्हणे, चांगलं आहे.

आम्ही दोघी घरोघरी गेलो. बायांनाच सांगतलं. गड्यांना भाकरीसोबत समजलं. ज्या घरचा गडी ऐकणार नाही त्याले जागलीची भाकर बांधून द्यायची नाही, असं ठरलं. पुरुषमाणूस बायकोशी वाद घालू शकते, रिकाम्या फडक्याशी नाही. चार दिवस आरडाओरडा झाला. मंग लोक आपापले गोळे घेऊन आले अन् नदीच्या डोहात टाकले. तुझ्या बापानंही टाकले. बापूजी म्हणे माझं वावर मी पाहतो, मले तुमच्या बायकी कारभारात ओढू नोका. त्याले वगळून केलं.

तुळसाबाई


सावरखेड
१४ जानेवारी १९६७

उकंडा,

जवारी घरात आली. डुकरांनी मागल्या सालापेक्षा जास्त खाल्ली. हे मुद्दाम लिहिते, नाही तर तू म्हणशील आजी आपल्याच इर्जिकीचे पोवाडे गाते. नुसत्या पत्र्याच्या डब्यानं अन् हाळीनं डुक्कर किती हटते? पाटलाची बंदूक वाजली की सारा कळप आमच्याकडे. पण गोळा कोणी लावला नाही. लावता येतच नव्हता. स्वतःच्या वावरात दुसऱ्याचं पोर फिरून राह्यलं, तर हात कसा धजेल?

फुलचंद आमच्या मचानावर झोपते. इतका घोरते की मारोती पलीकडून ओरडून त्याले उठवते. फुलचंद म्हणे, मारोतीदादा, माझं घोरणं ऐकूनच डुकरं पळतात, मले उठवून तुमचंच नुकसान करता. दोघं आता तंबाखू एकाच डबीतली खातात. मारोती मात्र धुऱ्याकडच्या टोकाले अजून जात नाही.

तू लिहिलं, तपासणीवरून तिकडं मोठं भांडण आहे. कोणी आपल्या भट्टीत येऊन पाहावं यात काही देशांना इज्जत गेल्यासारखी वाटते. फुलचंद तीन महिने माझ्या वावरात बसला, इज्जत जागेवर आहे. पण माझी तपासणी दोन्ही बाजूंनी आहे, हे तुझ्या साहेबांना सांग. फुलचंद माझ्याकडे बसते तर मारोती फुलचंदकडे बसते. एकानं मचानावर बसायचं अन् दुसऱ्यानं खाली हात वर करून उभं राहायचं, ही इर्जिक नाही. ती चावडी झाली.

जया चौथीत जाईल.

तुळसाबाई


सावरखेड
३ डिसेंबर १९६७

उकंडा,

हे पत्र बसून वाच.

परवा सकाळी फुलचंद आमच्या वावरातून जागल करून घरी निघाला होता. बैल सोबत होता, तो त्यानं धुऱ्यावरच्या बोरीले बांधला अन् तोंड धुवायले नाल्यावर गेला. बैल दोर ताणत सरकत सरकत त्या न नांगरलेल्या जागेत गेला. त्याच्या खुराखाली दगड निसटला. आवाज गावात आला.

जया अंगणात होती. मी तिचा हात धरला अन् सोडला नाही. ती माझ्याजवळ उभी होती तरी मी तिचं नाव घेऊन ओरडत होते, असं ती म्हणते. मले आठवत नाही.

बैलाचा मागचा पाय गेला. दुपारच्या आत सारं गाव चावडीत. नदीकाठचे म्हणू लागले, मारोतीनं दगा केला, साऱ्यांना डोहात टाकायले लावले अन् एक मागं ठेवला. दोघंतिघं तर सभा व्हायच्या आतच घरी गेले, बारूद शोधायले. बापूजी पाटील म्हणे, मी आधीच सांगतलं होतं, हे बायांचं काम नाही, जबाबदार माणूस लागते. यंदाची जवारी उभी आहे. एकानं जरी त्या दिवशी गोळा लावला असता तर सांजेपर्यंत साऱ्यांनी लावले असते, अन् उद्या जया शेळ्या घेऊन त्यातूनच गेली असती. मी पाहत होते, अन् मले दुसरं काहीच दिसत नव्हतं.

फुलचंदच्या हातात चिंधी होती. गोळा ज्यात बांधला होता तिचा तुकडा. चरबीनं काळा झालेला, पण एका कोपऱ्याले निळी चौकट दिसत होती. त्यानं तो वर धरला. म्हणे, "मारोतीदादा, मी तुमच्या वावरात दुसरं साल बसून राह्यलो. माझ्या पोरालेही बसवलं. हे काय आहे?"

मी तो तुकडा लांबूनच ओळखला. परकर मीच शिवला होता. लांब झाला म्हणून खालचा घेर मीच फाडला होता. मी बोलले नाही. मी बोलले असते तर आईनं लेकाले वाचवलं झालं असतं. मी मारोतीकडे पाह्यलं. तो उठेल का नाही, मले ठाऊक नव्हतं, उकंडा. पोटचा आहे तरी ठाऊक नव्हतं.

तो उठला. म्हणे, "गोळा माझाच आहे."

गलका झाला. तो थांबला. गलका थांबेपर्यंत उभा राह्यला.

मंग म्हणे, "यंदाचा नाही. नलूच्या सालचा आहे. मी त्या जागी दोन ठेवलते. एक तिनं उचलला. दुसरा काढायले माझा पाय तिकडं गेला नाही. पावसानं खराब झाला असेल म्हणून मी मनाले सांगत राह्यलो."

बापूजी म्हणे, जुना कशावरून, पुरावा काय.

मारोती म्हणे, "ती चिंधी तिच्या परकराची आहे. परकर तिच्याबरोबर पुरला. मी यंदा कुठून आणू?"

पाटलाले सुचलं असतं तर म्हणाला असता, चिंधी घरात उरली असेल. पण त्यालेही लेकी आहेत.

फुलचंद त्याच्याजवळ जाऊन बसला. मंग फुलचंद म्हणे, जाऊ द्या, बैल म्हाताराच झाला होता. बैल म्हातारा नव्हता. मागल्याच उन्हाळ्यात पुसदच्या बाजारातून आणला होता, आम्ही सारे पाहायले गेलतो. नदीकाठच्या एकानं हळूच सांगतलं की माझाही एक मोहाच्या झाडाखाली राह्यला असेल, नीट आठवत नाही. मंग दुसऱ्यानं सांगतलं. दिवस मावळला तरी सांगणं चालूच होतं.

त्या दिवशी कोणी नवा गोळा बांधला नाही. जागलीची इर्जिक तशीच चालू आहे. मारोतीनं आपला एक बैल फुलचंदच्या दावणीले नेऊन बांधला, अन् पेरणीले दोघं जोडी वाटून घेणार आहेत.

तू त्याले साऱ्या गावापुढं विचारलं होतं. त्यानं साऱ्या गावापुढंच सांगतलं. सहा सालं उशिरा सांगतलं. ते बरं झालं का वाईट, ते मी लिहीत नाही. तू इथं नव्हता म्हणून लिहून कळवलं, एवढंच.

तुळसाबाई


सावरखेड
२१ जुलै १९६८

उकंडा,

तुझं पत्र मिळालं. करार झाला अन् सह्या करायले देशांना बोलावलं, अन् आपल्या देशानं केली नाही. का केली नाही त्याचा कागदही तूच टाइप केला म्हणे. तू विचारलं, आजी, तुले काय वाटते.

कागदात लिहिलेलं खरंच असेल. एकाच्या हाती बंदूक अन् बाकीच्यांनी शपथ घ्यायची, हे मलेही पटत नाही. इथं बापूजीची बंदूक अजून खुंटीवर आहे. यंदा त्यानं दुसरी घेतली. आम्ही गोळे टाकले म्हणून त्याले लाज वाटली असं काही झालं नाही. उलट म्हणते, पाहा, गाव शांत झालं, माझं ऐकलं. तर तुझे साहेब बरोबर आहेत. मारोतीही बरोबर होता. त्यानं बरोबर राहायचं सोडलं नाही, अन् गोळाही टाकला. या दोन्ही गोष्टी एका माणसाले करता येतात, हे मले त्याच्याकडून कळलं, अन् त्याच्याकडून काही कळेल असं मले वाटलं नव्हतं. देशाले करता येतात का ते मले ठाऊक नाही. देश मी पाह्यला नाही.

पण टाकणं सोपं होतं बाबू. टाकणं एका सकाळी झालं. आता सारे आठवून राह्यले. गावानं इतकी सालं किती ठेवले, कुठं ठेवले, कोणाले धड आठवत नाही. त्या बोरीखाली एक असेल. नाल्याच्या वळणावर होता, वाहून गेला असेल. माझ्या बापानं ठेवलेला, तो तर मेला. असेल, असेल. पावसानं माती हलते, दगड सरकतात. सारं रान हिरवं झालं आहे अन् लोक त्यात जपून पाय टाकतात.

मारोतीनं ती जागा नांगरली नाही, हातानं मोकळी केली. गुडघ्यावर बसून एकेक दगड उचलला, तरोटा मुळासकट काढला. मी अन् फुलचंद लांब उभे होतो. तिथं आणखी काही सापडलं नाही. मी त्याले विचारलं, अजून ऐकू येते का. तो म्हणे येते, पण आता ती शेळ्यांनाच हाक मारते, मले नाही. मी म्हटलं बरं आहे. यावर आणखी काय म्हणायचं ते कोणत्याच वर्गात शिकवलं नाही.

तेव्हापासून तो रोज जयाच्या शेळ्यांपुढं चालते. हातात लांब काठी, तिनं गवत बाजूला सारते, दगड आधी हलवून पाहते, मंग पाय टाकते. जया आता अकराची झाली, तिले तोंड फुटलं आहे. म्हणते, बाबा, शेळ्या तुमच्यापेक्षा लवकर चालतात, अशानं त्या उपाशी मरतील. तो ऐकत नाही. ती अकराची झाली, हे तुझ्या ध्यानात आलं का? नलू कधी नऊची झाली नाही.

या खेपेला तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, बाबांना सांग. काय सांग ते लिहिलं नाही. मी त्याले पत्र वाचून दाखवलं, त्या ओळीपाशी थांबले. तो म्हणे पुढं वाच. मी म्हटलं, पुढं काही नाही. तो उठला अन् शेळ्या सोडायले गेला.

धुऱ्याले दोन बाजू असतात. एका बाजूनं तुझा बाप चालते. दुसऱ्या बाजूनं फुलचंद येत होता, पण आता त्याची निंदणी सुरू झाली, अन् शेवटी नलू त्याची नव्हती. ती बाजू रिकामी आहे. मी उतरले असते, पण माझे गुडघे बसले की उठत नाहीत, अन् वाकल्याशिवाय ते काम होत नाही.

तुझा करार झाला, आता तिकडं टाइप करायले काय उरलं असेल ते असेल. रजा काढ. जाड तळव्याचे जोडे घालून ये. काठी मी तोडून ठेवते.

तुळसाबाई